डीबीतले लूप काढा, कॉम्ब बसबार लावा : वापरून दिलेला अभिप्राय

घरात सगळ्यात जास्त करंट कुठल्या वायरमधून जातो, असं विचारलं की बहुतेक जण एसीच्या नाहीतर गिझरच्या वायरचं नाव घेतात. खरं उत्तर डीबीच्या, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या डब्याच्या, झाकणामागे असतं. मेन स्विचमधून निघून पहिल्या एमसीबीत, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये, जाणारा वायरचा एक छोटा तुकडा. दिवे, पंखे, एसी, गिझर, मिक्सर, सगळ्यांचा करंट त्या एका तुकड्यातून जातो आणि मग पुढच्या तशाच तुकड्यांमधून एमसीबी-एमसीबी करत वाटला जातो. याला आम्ही लूप म्हणतो. या लूपच्या जागी बसणाऱ्या कॉम्ब बसबारबद्दल मी हे लिहिते आहे, कारण घरमालक डीबी घेताना बाहेरच्या झाकणाचा रंग निवडतात, एमसीबीची कंपनी विचारतात, पण एमसीबी एकमेकांना कशाने जोडणार हे कोणीच विचारत नाही.

मी औंधच्या आयटीआयमधून वीजतंत्रीचा कोर्स केला आणि आता पुण्यात फ्लॅट, बंगले, दुकानं, छोटे दवाखाने अशी वायरिंगची कामं घेते. हे लिहायला मला कुठल्या कंपनीने सांगितलेलं नाही आणि कोणी बार फुकट दिलेले नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांचे बार लावले, काही काढून टाकले, काही दुकानात परत केले. त्या अनुभवावर हा अभिप्राय आहे.

आधी वस्तू काय ते सांगते. तांब्याची एक सरळ पट्टी, तिला ठरावीक अंतरावर कंगव्यासारखे दाते, आणि वर प्लास्टिकचं आवरण. एका पोलचा, म्हणजे एकच वायर तोडणारा, एमसीबी साधारण १८ मिलिमीटर रुंद असतो, त्याला एक मोड्यूल म्हणतात. दात्यांमधलं अंतरही त्याच मापाचं. एमसीबी डीबीतल्या ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर, म्हणजे डीन रेलवर, शेजारी शेजारी बसवायचे, सगळ्यांचे स्क्रू पूर्ण सैल करायचे, बार एका दमात सगळ्यांच्या टर्मिनलमध्ये सरकवायचा आणि एकेक स्क्रू आवळत जायचं. १२ मोड्यूलचे तयार बार मिळतात, आणि एक मीटरचा लांब बारही मिळतो, तो हवा तेवढा कापून घ्यायचा. घरगुती एसपीएन, म्हणजे एका फेजच्या, डीबीच्या बऱ्याच संचांत असा बार डीबीबरोबरच येतो. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे की तोच बार कितीतरी ठिकाणी पाकिटातच राहतो आणि वायरमन सवयीने वायरचे लूप मारून मोकळा होतो.

लूप का वाईट, हे एका कामावरून सांगते. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीतला फ्लॅट. तक्रार अशी की सकाळी गिझरचा एमसीबी पडतो. आधीच्या वायरमनने एमसीबी बदलून दिला होता, तरी तेच. झाकण उघडलं तर गिझरच्या एमसीबीचं खालचं टर्मिनल तपकिरी पडलेलं, लूपच्या वायरचं इन्सुलेशन कडक होऊन चिरलेलं. एकाच टर्मिनलमध्ये एक अडीच आणि एक चार चौरस मिलिमीटरची वायर कोंबलेली. दोन वेगवेगळ्या जाडीच्या वायर एका क्लँपखाली घातल्या की क्लँप जाड वायरवर टेकतो आणि बारीक वायर वरवर धरली जाते. त्यात वायर मल्टीस्ट्रँड, म्हणजे अनेक बारीक तारांची, आणि टोकाला लग, म्हणजे दाबून बसवायचं धातूचं टोक, नाही. तापली, थंड झाली, पुन्हा तापली, की तारा दबत जातात आणि स्क्रू न फिरताच जोड सैल होतो.

त्या घरातल्या काकूंनी विचारलं, “ताई, जळायला आलं होतं, तर मेन का नाही पडला?” हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. त्या घरात दोन एसी, एक गिझर आणि इंडक्शन शेगडी एका वेळी चालू असली तर करंट साधारण ३३ अँपिअर होतो. मेन ४० अँपिअरचा. म्हणजे मेनच्या दृष्टीने सगळं ठीक. पण सैल जोडाचा रोध समजा फक्त १० मिलिओहम आहे, तर ३३ अँपिअरला तिथे जवळपास ११ वॅट उष्णता तयार होते. आमच्या हातातलं लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याच्या निम्म्याच्या आसपास उष्णता एका नखाएवढ्या जागेत, बंद डब्यात, तासन् तास. एमसीबी जास्त करंट ओळखतो, आरसीसीबी हा दुसरा स्विच करंटची जमिनीकडे होणारी गळती ओळखतो, आणि इथे दोन्ही नाही. करंट ठरलेलाच आहे आणि तो परतही न्यूट्रलनेच जातो आहे. सैल जोड ओळखणारं काहीही आपल्या नेहमीच्या डीबीत नसतं.

गिझरचा एमसीबी पडत होता त्याचं कारणही हेच. एमसीबीच्या आत द्विधातूची पट्टी असते, ती करंटने तापून वाकते आणि स्विच सोडते. आयईसी ६०८९८ या मानकात तिचं मोजमाप ३० अंश सेल्सिअस धरून केलेलं असतं. रेटिंगच्या १.१३ पट करंटला तो तासभर पडायचा नाही, १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. पण शेजारच्या टर्मिनलमधून बाहेरची उष्णता आत येत असेल तर पट्टी आधीच वाकलेली असते आणि एमसीबी रेटिंगच्या आतच पडतो. लोक म्हणतात एमसीबी खराब निघाला. एमसीबी बिचारा बरोबर सांगत असतो की इथे तापतंय.

त्या डीबीत मी सगळे लूप काढले आणि १० चौरस मिलिमीटरचा कॉम्ब बार घातला. एवढ्या जाडीच्या तांब्याच्या १२ मोड्यूल लांबीचा रोध ०.४ मिलिओहमपेक्षाही कमी भरतो. तेच ३३ अँपिअर अख्ख्या लांबीतून गेले तरी अर्धा वॅटही उष्णता होत नाही. आणि प्रत्येक टर्मिनलमध्ये आता एकच घट्ट, सपाट, न दबणारा दाता. आठ एमसीबींना लूप मारायचे तर सात तुकडे, म्हणजे सोललेली चौदा टोकं, आणि प्रत्येक टोकाला हाताचं कसब, त्या दिवशीचा थकवा, संध्याकाळची घाई. बारला सोलायचं काही नसतंच. माझ्या मते याचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. कमी अनुभवाच्या मुलाने बसवला तरी, दोन-तीन गोष्टी सांभाळल्या, तर जोड माझ्या हातच्या जोडाइतकाच पक्का होतो.

पण त्या दोन-तीन गोष्टी सांभाळाव्याच लागतात. तिथे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण “बसबार लावला म्हणजे झालं” असं समजून बसवलेले बारही मी जळालेले पाहिले आहेत.

पहिली गोष्ट, दाता खरंच क्लँपच्या आत गेला का. आपल्याकडच्या बहुतेक एमसीबीत पेटीसारखा क्लँप असतो, स्क्रू आवळला की पेटी वर सरकते आणि वायरला धरते. स्क्रू अर्धाच सैल केला असेल तर पेटी मध्येच थांबलेली असते आणि दाता पेटीत न शिरता तिच्या मागून किंवा खालून निघून जातो. मग स्क्रू आवळला की तो छान घट्ट लागतो, हाताला काही कळत नाही, कारण पेटी रिकामीच आवळली गेलेली असते. दाता नुसता बाजूला टेकलेला. टेस्टर लावला तर दिवा लागतो, मल्टिमीटरवर २३० व्होल्ट दिसतात, पंखे फिरतात. लोड आला की ठिणग्या सुरू. बाहेरून बघून हा दोष दिसत नाही. म्हणून मी सगळे स्क्रू आवळल्यावर प्रत्येक एमसीबीपाशी बारला धरून ओढून बघते आणि टॉर्च मारून तोंडातून आत डोकावते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना स्क्रू आधी उलट्या दिशेने शेवटपर्यंत फिरवून पेटी पूर्ण उघडायला लावते. हे मिनिटभराचं काम आहे आणि ते टाळण्याला मी माफी देत नाही.

काही कंपन्यांनी यावर चांगला उपाय केला आहे. एबीबीच्या एस २०० मालिकेत टर्मिनलला दोन वेगळी खोबणी असतात, एक वायरसाठी, एक बारसाठी. हेगरच्या काही एमसीबीतही अशी दुहेरी सोय आहे. याचा फायदा असा की बार लावलेल्या बाजूलाच एखादी वायरही स्वतंत्रपणे जोडता येते. एकाच खोबणीच्या एमसीबीत बारचा दाता आणि वर वायर असं दोन्ही कोंबायचं नाही, मेनची वायर तर मुळीच नाही. बारला बाहेरून फीड, म्हणजे मेनकडून वीज, द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळा फीड टर्मिनल मिळतो, तो घ्यावा. नाहीतर सरळ मेनच्या बाहेर जाणाऱ्या टर्मिनललाच बारचा पहिला दाता लावावा, घरगुती डीबीत मी तेच करते.

स्क्रू किती आवळायचा हेही एमसीबीच्या अंगावर किंवा पाकिटावर न्यूटन-मीटरमध्ये छापलेलं असतं, माझ्या वापरातल्या मालावर बहुधा २ ते २.८ च्या दरम्यान. ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क स्क्रू ड्रायव्हर महाग वाटतो, पण माझ्या पिशवीतली ती सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची जी खाच असते तिला बरोबर बसणारं बिटच वापरावं. चपट्या टेस्टरने आवळलेला स्क्रू डोकं खराब करतो आणि पुरेसा बसतही नाही.

दुसरी गोष्ट, कंपन्यांची मिसळ. ग्राहकाच्या घरी चार एमसीबी एका कंपनीचे, दोन दुसऱ्या, मेन तिसऱ्या, असं सर्रास असतं. रुंदी सगळ्यांची सारखी दिसते, रेलवर बसतातही. पण टर्मिनलचं तोंड समोरून किती खोल आहे आणि खालून किती उंचीवर आहे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एका कंपनीचा बार दुसऱ्याच्या एमसीबीत जबरदस्तीने घातला की एक-दोन दाते अर्धेच शिरतात, किंवा बार ताणलेला राहतो आणि प्रत्येक टर्मिनलवर कायमचा जोर येतो. त्यात भर म्हणजे बारचे दोन प्रकार, एक सरळ दात्याचा आणि दुसरा काट्यासारखा दुभंगलेल्या टोकाचा, स्क्रूच्या डोक्याखाली बसणारा. दोन्हींची अदलाबदल होत नाही. म्हणून माझा नियम आहे, मेन, एमसीबी आणि बार एकाच कंपनीच्या एकाच मालिकेचे. ग्राहक जुने मिसळीचे एमसीबी ठेवायचेच म्हणाला तर मी बार लावत नाही, लग लावलेले योग्य जाडीचे लूप करते आणि तसं बिलावर लिहून देते. इथे या वस्तूचा एक गुण मी कापते. बार घेतला की तुम्ही त्या कंपनीशी बांधले जाता. पाच वर्षांनी त्या मालिकेचा एमसीबी बाजारात मिळाला नाही तर आख्खी रांग बदलावी लागू शकते.

आता मेनचा न्यूट्रल. याबद्दल कोणी सांगत नाही आणि गडबड मोठी होते. घरात मेन डीपी म्हणजे दोन पोलचा असतो, एकातून फेज, एकातून न्यूट्रल. आरसीसीबीही दोन पोलचा. बार मात्र एकाच पोलचा, सगळे दाते फेजचे. काही कंपन्या न्यूट्रल डावीकडे देतात, काही उजवीकडे. न्यूट्रलचा पोल एमसीबींच्या बाजूला येत असेल आणि बार सरळ सरकवला तर एक दाता न्यूट्रलमध्ये आणि बाकीचे फेजमध्ये. मेन वर केला की थेट शॉर्ट. उपाय सोपा आहे. एमसीबी मेनच्या फेजच्या बाजूला येतील अशी मांडणी करायची, आणि ते शक्य नसेल तर न्यूट्रलसमोरचा दाता मुळापासून कापून काढायचा. मी मेन चालू करण्याआधी नेहमी मल्टिमीटर बीपवर ठेवून बार आणि न्यूट्रल पट्टी यांच्यात तपासते. त्या वेळी सगळी उपकरणं आणि एमसीबी बंद हवेत, नाहीतर एखाद्या उपकरणातून वाट मिळते आणि गोंधळ होतो.

याच्याशी जोडलेली आणखी एक बाब. हल्ली चांगल्या कामात दोन आरसीसीबी लावतात, एक ओल्या जागांसाठी, एक बाकी घरासाठी, म्हणजे गिझरच्या गळतीने सगळं घर अंधारात जात नाही. अशा डीबीत एकच लांब बार डावीकडून उजवीकडे घातला तर दोन्ही आरसीसीबींच्या बाहेरचे फेज एक होतात. मग कोणाचा करंट कुठून जातो याचा हिशेबच राहत नाही, दोन्ही उगाच पडतात आणि वैतागून कोणीतरी आरसीसीबी बायपास करून टाकतो. तिथे बार दोन तुकड्यांत हवा, प्रत्येक गटाचा वेगळा, आणि न्यूट्रल पट्ट्याही दोन वेगळ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वाहून नेणारे दोन पोलचे बारही मिळतात, पण ते फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या एमसीबींसाठी. आपल्या नेहमीच्या एक पोलच्या एमसीबींना त्यांचा उपयोग नाही.

मीटरभराचा बार कापण्याची रीत आहे. डीबीत बसवलेला बार जागेवर कधीही कापू नये, तांब्याचा कीस एमसीबीच्या तोंडात पडतो. बाहेर घेऊन, प्लास्टिकच्या आवरणातून तांब्याची पट्टी ओढून काढायची, बारीक दात्यांच्या हॅक्सॉ पात्याने कापायची, कडेला उभी राहिलेली बर, म्हणजे कापताना सुटलेली धारदार कोर, कानशीने घासायची, फडक्याने पुसायची. आवरण तांब्यापेक्षा थोडं लांब ठेवायचं म्हणजे उघडं तांबं टोकाशी येत नाही. मग टोकाला एंड कॅप. एक पोलच्या बारला कॅप नसली तर स्पर्शाचा धोका. तीन फेजच्या बारला कॅप नसली तर फार मोठा धोका, कारण तिथे तीन पट्ट्या एकमेकींपासून काही मिलिमीटरवर असतात, धूळ आणि पावसाळ्याचा दमटपणा साचला की त्यांच्यामध्ये वाट तयार होते आणि फेज-फेज शॉर्ट होतो. कोकणातल्या किंवा सिंहगडाच्या पायथ्याच्या बंगल्यांत पावसाळ्यात वायरमनकडून डीबी उघडून घ्या, झाकणाच्या आतून पाणी सुटलेलं दिसतं. तिथे चिकटपट्टी गुंडाळणं हा उपाय नाही. काही महिन्यांत ती सुटते.

तीन फेजच्या बारबद्दल आणखी एक सांगते, कारण बंगल्यांत आणि दुकानांत आता तो येऊ लागला आहे. आपल्या नेहमीच्या टीपीएन, म्हणजे तीन फेजच्या, डीबीत आर, वाय, बी या तीन फेजपैकी प्रत्येकाची वेगळी रांग किंवा वेगळा गट असतो आणि वायरमनच्या डोक्यात ते पक्कं असतं की शेजारचा एमसीबी म्हणजे तोच फेज. तीन फेजच्या कॉम्ब बारमध्ये दाते आर, वाय, बी, पुन्हा आर, वाय, बी असे येतात. पहिला, चौथा, सातवा एमसीबी एका फेजवर, दुसरा, पाचवा, आठवा दुसऱ्यावर. लोड आपोआप वाटला जातो, हा फायदा. पण शेजारच्या दोन एमसीबींमध्ये २३० नाही, ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. उद्या कोणी सवयीने एका खोलीची वायर शेजारच्या एमसीबीवर हलवली तर त्या खोलीतल्या दोन पॉइंटांवर दोन फेज येऊ शकतात. म्हणून अशा डीबीच्या झाकणावर आतून मी प्रत्येक एमसीबीचा फेज लाल, पिवळ्या, निळ्या ठिपक्याने दाखवते. आपल्याकडच्या वायरचे रंगही तेच असल्यामुळे पुढच्या माणसाला समजायला वेळ लागत नाही.

बारची क्षमता किती, हे घरमालकाने काळजी करण्यासारखं फारसं नाही. १० चौरस मिलिमीटरचा बार एका टोकाने फीड केला तर कंपन्या साधारण ६३ अँपिअर देतात, १६ चौरस मिलिमीटरचा ८० च्या आसपास. फीड मधोमध दिला तर करंट दोन्ही बाजूंना वाटला जातो, म्हणून तोच बार अनुक्रमे १०० आणि १३० अँपिअरपर्यंत चालतो. नेमका आकडा त्या बारच्या कागदावर बघायचा. ४० किंवा ६३ अँपिअरच्या मेनच्या घराला १० चा बार पुरतो.

माल कुठून घ्यायचा? पुण्यात मी तपकीर गल्लीतूनच घेते, मुंबईचे मित्र लोहार चाळीतून. दोन्हीकडे चांगला मालही आहे आणि सुटा, नाव नसलेला मालही आहे. सुटा बार हातात घेतला की आधी लोहचुंबक लावते. चिकटला तर आत लोखंड, वर तांब्याचा मुलामा. न चिकटला म्हणून तांबंच असेल असं नाही. पितळही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमही. साध्या पितळाची वहनक्षमता तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असते, म्हणजे १० चा पितळी बार तांब्याच्या तीनच्या वायरएवढंही काम करत नाही. कापलेल्या कडेवर कानस मारली की आतला रंग दिसतो, लालसर असला पाहिजे. पिवळा किंवा पांढरा असला तर परत. एकदा असा पिवळट बार मी शेठना दाखवला, तेव्हा त्यांनी कुरकुर न करता बदलून दिला आणि तो गठ्ठा बाजूला ठेवला, हे मुद्दाम लिहिते. आवरणाचं प्लास्टिकही बघावं. नामांकित कंपनीच्या आवरणाला ज्योत लावून काढली की ते आपोआप विझतं. हलकं प्लास्टिक जळत राहतं आणि थेंब टाकतं. हा प्रयोग कापून उरलेल्या तुकड्यावर, बाहेर, हातात चिमटा धरून करावा.

भावाबद्दल एवढंच म्हणेन की १२ मोड्यूलचा चांगला बार एक-दोन एमसीबींच्या किमतीत बसतो. आठ-दहा एमसीबींच्या डीबीत तो खर्च कुठेच दिसत नाही. शिवाय लूप मारण्याचा वेळ वाचतो. मी बारची मजुरी वेगळी लावत नाही.

तोटे लपवायचे नाहीत. सगळ्यात मोठा तोटा दुरुस्तीच्या वेळी कळतो. रांगेतला मधला एक एमसीबी गेला तर लूपच्या डीबीत दोन वायर सोडवल्या की काम झालं. बार असेल तर सगळ्या एमसीबींचे स्क्रू सैल करून बार खाली ओढावा लागतो, मग तो एमसीबी बदलून पुन्हा सगळे दाते एकत्र बसवावे लागतात. काही कंपन्यांच्या एमसीबीची रेलवरची खिटी दोन्ही बाजूंनी सुटते आणि बार जागेवर ठेवून मधला एमसीबी बाहेर काढता येतो. घेताना हे दुकानात करून दाखवायला सांगा. दुसरा तोटा, मोकळ्या जागांचे दाते. आज सहा एमसीबी आणि बार आठचा असेल तर दोन दाते उघडेच राहतात. त्यांवर मेन चालू असेपर्यंत पूर्ण २३० व्होल्ट असतात. त्यांना कॅप घालायची आणि झाकणात डमी पट्टी लावायची, म्हणजे मुलाचं बोट किंवा पाल आत जाणार नाही. ही दात्यांची कॅप दुकानात मागितल्याशिवाय कोणी देत नाही. तिसरा, एमसीबीला शेजारी अर्ध्या मोड्यूलचं काही जोडलं, सहायक संपर्क वगैरे, तर दात्यांचं अंतर चुकतं आणि त्यासाठी वेगळा बार मागवावा लागतो. घरात हे क्वचितच येतं, दवाखान्यांच्या कामात येतं.

गुण द्यायचेच तर पाचपैकी चार. कापलेला एक गुण कंपनीशी बांधलं जाण्याचा आणि मधला एमसीबी बदलण्याच्या त्रासाचा आहे. सुरक्षेसाठी मी एकही कापत नाही.

बार बसवल्यावर आठवड्याभराने, संध्याकाळी सगळा लोड चालू असताना मी परत जाऊन तापमान बघते. त्यात एक मेख आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत तांब्यावर किंवा स्क्रूच्या डोक्यावर रोखला तर आकडा खोटा कमी येतो, कारण चमकदार धातू उष्णता कमी प्रमाणात बाहेर टाकतो. म्हणून बारच्या प्लास्टिकवर किंवा एमसीबीच्या अंगावर रोखायचा. आणि एकाच आकड्याला अर्थ नाही, शेजारच्या एमसीबींची तुलना करायची. तेवढाच लोड असलेल्या शेजाऱ्यापेक्षा एखादा दहा-पंधरा अंश जास्त दाखवत असेल तर तिथला दाता पुन्हा बघायचा.

स्वतः झाकण उघडून हे करायला जाऊ नका, हे अगदी मनापासून सांगते. डीबीचा मेन खाली केला तरी मीटरकडून येणारी वायर मेनच्या वरच्या टर्मिनलपर्यंत जिवंतच असते. ती बंद करायची तर मीटरपाशी कटआउट, म्हणजे तिथला फ्यूज, काढावा लागतो. शिवाय नियमाप्रमाणे हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. तुमचं काम एवढंच की वायरमनला झाकण उघडून दाखवायला सांगा आणि एमसीबींच्या खाली वायरचे लूप आहेत की बार आहे ते बघा. लूप असतील, टर्मिनलपाशी रंग बदललेला असेल किंवा जळका वास येत असेल तर थांबू नका.

आणि दुकानात बार मागताना नुसतं “बसबार द्या” म्हणू नका. एमसीबीचा समोरून आणि खालून एकेक फोटो घ्या, त्यावर कंपनी आणि मालिका वाचता आली पाहिजे. मेन धरून एकूण मोड्यूल मोजा. एक पोलचा, सरळ दात्याचा की काट्याचा, १० चौरस मिलिमीटरचा, हे सांगा. एंड कॅप आणि रिकाम्या दात्यांच्या कॅप वेगळ्या मागून घ्या, त्या बारच्या पाकिटात नेहमी असतातच असं नाही.